इतिवृत्त

ब्रेमरहाफेनच्या मासळी-बंदरात, शीतगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर
मुलाखतीच्या टेबलाशी तिसरी खुर्ची माझी.
एकोणीस वर्षं मी इथे लिहून घेते आहे:
कोण आलं, काय शिकलं, किती वाजता उठून गेलं.
मला कुणी काही विचारत नाही.
मी म्हणजे पाण्याच्या बाटलीपलीकडचं एक पेन.

आज गेशे ल्युबेन. वय एकतीस.
उणे बावीस अंशांत सहा वर्षं काढलेली,
फोर्कलिफ्टचा परवाना, अमोनिया-गळतीचं प्रशिक्षण,
बोटांच्या पेरांवर थंडीने सोललेल्या जुन्या खुणा.
ओन्केन साहेबांनी कागद चाळले, मान डोलावली,
मग कॉफीत साखर ढवळत, अगदी घरच्यासारखं,
"सहज विचारतो हं. लग्न झालंय तुमचं. पुढे काय बेत?
म्हणजे... पाळणा वगैरे?"

अशा वेळी माझं पेन आपोआप उचललं जातं,
कागदापासून बोटभर वर.
हे मला कुणी शिकवलं नाही.
माझ्या वह्यांतले असे बोटभर कोरे पट्टे
एकापुढे एक जोडले
तर धक्क्यापासून दीपगृहापर्यंत पोचतील.
आणि तिथे काय काय पुरलंय ते मला पाठ आहे.
नवरा काय करतो. हे आडनाव नक्की कुठलं.
रोजे धरता का, मग लोडिंगच्या वेळी चक्कर नाही ना येत.
आई म्हातारी म्हणता, तिचं कोण बघणार.

माझंही एक आहे त्यात.
नोव्हेंबर, हीच खोली, साहेब वेगळे, साखर हीच.
मी म्हणाले होते, "छे, इतक्यात नाही,"
आणि टेबलाखाली टामे तीन महिन्यांचा होता.
पुढे कधीतरी संघटनेच्या वकीलबाईंनी सांगितलं:
ज्याला विचारायचा हक्कच नाही
त्याला खोटं उत्तर द्यायची मुभा आहे, कायद्याने.
म्हणजे कायद्याने मी सुटले होते.
तरी पहिल्या पगारात बाळाचे मोजे घेताना
दोनदा परत ठेवले होते मी दुकानात,
कुणी बघत नाही ना, म्हणून.

गेशेकडे मी बघत नव्हते.
वाटलं, खोटं बोलेल. शहाणी असेल तर बोलावंच.
नाहीतर हल्ली पढवतात तसं म्हणेल,
माझं सगळं लक्ष कामावर आहे.
तिने पाण्याचा घोट घेतला.
आणि माझ्याकडे वळली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे.
"हे लिहून घेतलंत?"

आवाज चढवला नव्हता.
गोठणखोलीचं दार नीट लागलंय ना, विचारावं
तसं विचारलं.

साहेबांचा चमचा कपात थांबला.
खाली कुठलीशी गाडी मागे सरताना
टीं टीं करत राहिली, बराच वेळ.
"अहो, ते आपलं गमतीत..."
"हो ना," ती म्हणाली, "गंमतही असू द्या लिहिलेली.
नंतर कुणाला आठवत नाही."

पेन बोटभर वर.
एका बोटाचं अंतर, पण उतरायला काय वेळ लागला म्हणता.

दहा वाजून बेचाळीस मिनिटं.
प्रश्न, अवतरणचिन्हांत, 'सहज'सकट, 'पाळणा'सकट.
मधली तीन टिंबंसुद्धा सोडली नाहीत.
उत्तर: उमेदवाराने दिले नाही.
अक्षर जरा वाकडं आलंय.

नोकरी तिला मिळेल की नाही, मला माहीत नाही.
इतिवृत्तावर दोन सह्या लागतात.
माझी मी केली, नेहमीपेक्षा जरा मोठी,
आणि कागद आत पाठवला.
दुपारचे साडेतीन झालेत.
अजून बाहेर आलेला नाही.